कोड तुमच्या नंबरवर गेला आहे

अण्णा, तुमच्या नंबरचा कोड येत नाही आणि मला भीती वाटते आहे. सांगावं तर घरात एक आईच, आणि तिलाच तर कळू द्यायचं नाही. म्हणून तुम्हाला लिहिते.

तुम्ही गेलात तरी तुमचा फोन आम्ही बंद केला नव्हता. कारखान्यात यंत्रमागांच्या खडखडाटात तुम्हाला फोनवर काही ऐकू यायचं नाही, म्हणून आई बोलून निरोप पाठवायची आणि तुम्ही चहाच्या सुट्टीत बाहेर येऊन ते ऐकायचा. डबा कुणाबरोबर धाडलाय, येताना काय आणायचं. तुमच्या मागंही ते निरोप थांबले नाहीत. रोज दुपारी ती ओट्याला टेकून तुमच्याशी बोलते, आणि दोन टिक उमटेपर्यंत फोन खाली ठेवत नाही. एकदा मी टोकलं तर माझ्यावरच उखडली. "खुळी न्हाय मी. ते गेल्यात, ठावं हाय मला. पण पोचतंय की!" मग मी तुमचा फोन मुकाट्यानं चार्ज करून कपाटात ठेवत राहिले.

यंदाच्या खांडेनवमीला घोटाळा झाला. आई दरवर्षी तुमची हत्यारं, म्हणजे पाने, कात्री आणि मागाचा धोटा, पाटावर मांडते. यंदा फोनही मांडला. "त्यांचं हत्यारच की त्ये," म्हणाली, आणि मी हळदीकुंकू आणेपर्यंत पान्यांबरोबर त्यालाही तांब्यानं आंघोळ घातली. पूजेच्या पाटावर कोण कुणाला रागावणार? फोन गेला. सिमकार्ड मी दुसऱ्या फोनमध्ये घातलं, ॲपमध्ये तुमचा नंबर टाकला. कोड पाठवला आहे, म्हणे. येईना. पुन्हा मागवला, पुन्हा पुन्हा मागवला, शेवटी ॲपनंच दटावलं: फार वेळा प्रयत्न झाला, आता थांबा.

तेव्हा तुम्ही आठवलात. मी लहान आहे, डबा घेऊन कारखान्यात आले आहे, चालत्या मागावर तुटलेला धागा दिसतो आणि मी बोट पुढं करते. तुम्ही मनगट धरून मला मागं ओढता. "आधी माग बंद कर, मग हात घाल!" मला वाटलं होतं तुम्ही चिडलात. आता वाटतं, तुम्ही घाबरला होता.

नवी पेठेतल्या मोबाइलवाल्यानं सिम उलटसुलट करून पाहिलं. "ताई, रिचार्ज कधी मारलंय ह्याला?" मला आठवेना. घरच्या वायफायवर सगळं चालत होतं, सिमकडं बघतंय कोण! "मग नंबर दुसऱ्याला गेला की वो. कोड तिकडंच जातोय."  आई तुम्हाला काय काय सांगते, ते कुणा परक्यानं ऐकायचं?

घरी आले तर आई दारातच. "चार दिस एकच टिक येत हुती. आज दोन आल्या, अन् निळ्या बी झाल्या! ऐकलं त्यांनी." इतक्या वर्षांत त्या कधी निळ्या झाल्या नव्हत्या. तुमच्या फोटोच्या जागी झेंडूचं फूल होतं. "फोटू बी बदलला," आई हसत म्हणाली. 

गच्चीवर जाऊन तुमचा नंबर लावला. एका बाईनं उचलला, वैराग गावची निघाली. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नंबर नवाच घेतलाय मी. चार दिसांचं एकदम आलं, आदी वाटलं, चुकून येतंय. मग कळलं, कुनीतरी गेलेल्या मालकाशी बोलतंय. मला बी मालक न्हाय. ऐकत बसले. बंद करू का?"

नको, म्हणाले मी. ऐका, पण उत्तर तेवढं देऊ नका.

"न्हाय देत," ती म्हणाली.

आता दुपारी आई ओट्याला टेकली की माझा जीव टांगणीला लागतो. त्या बाईला एखाद्या दिवशी राहवलं नाही आणि ती नुसतं 'व्हय' म्हणाली, तर आईचं काय होईल? आईला खरं सांगायचं रोज ठरवते आणि रोज राहतं. हे कागदावर लिहिलं आहे, कारण तुमच्या नंबरवर पाठवलं तर ते वैरागला पोचेल. एक मात्र कबूल करते अण्णा. उत्तर देऊ नका असं मीच त्या बाईला बजावलं, आणि काल आईचं बोलून झाल्यावर स्वयंपाकघराच्या दारात श्वास रोखून उत्तराची वाट बघत उभी होते तीही मीच.