मरळीची राखण

नागपूर,
ता. २० जून १९५५

ती. सौ. गिरजाबाईस,
धाकटा भाऊ सोमाजी याचा शि. सा. नमस्कार वि. वि.

काल निकाल लागला. तुझा भाऊ बी. एस्सी. पास झाला, दुसऱ्या वर्गात. बाला सांग, आणि हळू सांग. इंटरला नापास झालो तेव्हा मी तोंड लपवून इथेच बसलो होतो, आणि तू मुखरूभाऊजींना पाठवून मला घरी नेलं होतंस. त्या वेळी तुम्ही कोणी एक शब्द बोलला नाहीत. बोलला असता तर मी परत कॉलेजात आलो नसतो.

आता पुढची गोष्ट. प्राणिशास्त्राचे डॉ. हरकरे सर मला एम. एस्सी.ला घेत आहेत. दोन वर्षं अभ्यास करून प्रबंध लिहायचा आहे. सरांनी प्रत्येकाला विषय विचारला. कोणी बेडूक घेतला, कोणी झुरळ. मला काही सुचेना, तेव्हा सरांनी वडील काय करतात असं विचारलं. मी जरा अडखळलो, मग सांगितलं की आम्ही ढिवर, बा गावच्या तलावात मासे धरतो. सर म्हणाले की मग विषय शोधत नागपुरात काय फिरतोस.

म्हणून मी मरळ मासा घेतला. मरळ आपल्या लाल पिल्लांची राखण करते ते आपण लहानपणापासून पाहतो. पुस्तकात असं आहे की पिल्लं काळी पडू लागली, म्हणजे पंधरा-वीस दिवस झाले, की मरळ त्यांना सोडून जाते. हे खरं का ते बाला विचारून कळव.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझा,
सोमाजी


मु. पिंपळबोडी, पो. आरमोरी, जि. चांदा
ता. ३० जून १९५५

चि. सोमाजीस,
बाई गिरजाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बा जाळं शिवून राह्यला होता. मी वाचून दाखवलं तर उठून डोंग्याजवळ गेला अन् उगाच डोंगा पुसत बसला. दुसऱ्या दिवशी आरमोरीच्या बाजारात गेला तर मासे राह्यले टोपल्यात अन् हा साऱ्या बाजारात तुया निकालच सांगत फिरला. इतवारी काकूनं इचारलं का बी. एस्सी. म्हणजे काय, तर बा म्हणे ते मले नाई माहीत, पण त्याच्या वर आता एकच राह्यलं.

मरळीचं इचारलं. बा हासला. म्हणे पुस्तक लिहिणारा तलावाच्या पारीवरून, काठानंच पाहून घरी गेला असन. पिल्लं काळी झाली का मरळ वर राहत नाई, खाली बुडून राहते. पण जात नाई. श्वास घ्यायले वर येते तेवढीच दिसते, डोळा लवला का गेली. ढिवर लोक तवरिक तिथी जाळं टाकत नाई. ती गेली असती तर आमी टाकलं नसतं काय, असं बा म्हणते.

तू जेवत जा. तुया हातचं अक्षर बारीक झालं म्हणून मले वाटते का तूही झाला असशीन. मी चौथीपर्यंतच शिकली, माये अक्षर मोठे आहेत, सांभाळून घे.

माया आहे, ते इथी काई कमी पडत नाई.

तुयी बाई,
गिरजा


नागपूर,
ता. १४ जुलै १९५५

ती. सौ. गिरजाबाईस,
सोमाजीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

काल गावाहून सुखरूप पोचलो. बाचं म्हणणं मी गावी येण्याआधीच सरांना सांगितलं होतं. सर म्हणाले की हे खरं निघालं तर पुस्तकातलं वाक्य बदलावं लागेल, पण त्याला रोजची नोंद पाहिजे. नऊ तारखेला बेशरमाच्या झुडपाजवळ लाल पिल्लं आपण दोघांनी पाहिली, तिथून पुढे एकही दिवस न चुकता. आणि माझे तर इथे वर्ग सुरू झाले.

म्हणून माझं घड्याळ तुझ्याजवळ ठेवून आलो. काम तिथे सांगितलंच होतं, तरी पुन्हा लिहितो. सकाळी दोन तास, दिवस बुडायच्या आधी दोन तास पारीवर बसायचं. मरळ किती वाजता वर आली, पिल्लांपासून किती हात लांब, पिल्लांचा रंग कसा, एवढं वहीत लिहायचं. जे दिसलं तेच लिही. जे वाटलं ते लिहू नको. दिसली नाही तर “दिसली नाही” असं लिही.

धानाच्या रोवण्याचे दिवस आहेत आणि मी तुला तलावावर बसवतो आहे, हे मला कळतं. तुझ्या सासूबाई काय म्हणतील याची धास्ती आहे. नाही जमलं तर नाही म्हण, मी रागावणार नाही.

तुझा,
सोमाजी


पिंपळबोडी,
ता. २२ ऑगस्ट १९५५

चि. सोमाजीस,
बाईचे आशीर्वाद.

वही वेगळी पाठवून राह्यली, मुखरू आरमोरीच्या पोस्टात टाकून येईन.

पहिले घरची बातमी. सासूबाई आठ दिवस माया संगं बोलल्या नाई. म्हणे सारं गाव बांधीत वाकून राह्यलं अन् आमची सून पारीवर बसून पाणी पाहून राह्यली. मंग तुया भाऊजीनं काय केलं, माया जागी स्वतःच रोवण्यात उतरला. बायांच्या रांगेत एक पुरुष. शेजारची सोमारी तर इतकी हासली का चिखलात बसली. पण तिसऱ्या दिवसापासून त्याचं रोवणं सरळ पडाले लागलं, अन् आता म्हणते का सोमाजीच्या पुस्तकात मायंही नाव आलं पाह्यजे.

आता मरळ. पिल्लं जुलैच्या शेवटाले काळी झाली. मले वाटलं आता गेली, कावून का दोन दिवस दिसलीच नाई. तू म्हणला होता वाटलं ते लिहू नको, म्हणून “दिसली नाई” एवढंच लिहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पिल्लाईच्या मधातून वर आली, एक बुडबुडा सोडला, गेली. तिथून रोज दिसली, कधी दोनदा, कधी पाच वेळा. महिन्याच्या वर ती तिथीच होती, मंग दिसली नाई. बाचं खरं आहे.

मले मधात दोन दिवस ताप होता. त्या पानावर “ताप होता, गेली नाई” असं लिहिलं आहे. बा जाऊन आला होता अन् दिसली म्हणते, पण मी पाह्यली नाई म्हणून मांडलं नाई.

तलाव आता मले सुना वाटते. सवय लागली होती.

तुयी,
गिरजा


नागपूर,
ता. १० नोव्हेंबर १९५५

ती. सौ. गिरजाबाईस,
सोमाजीचा नमस्कार वि. वि.

हे पत्र लिहायला चार दिवस लागले. वही सरांना दाखवली. त्यांनी पुरी वाचली, दोनदा वाचली, आणि मग म्हणाले की नोंद फार चांगली आहे, पण चालणार नाही. पाहणारी विद्यार्थ्याची बहीण, शिक्षण चौथी. बाहेरचा परीक्षक हे वाचून हसेल असं त्यांचं म्हणणं पडलं. मी भांडलो नाही. मला भांडता आलं नाही.

वर्गातल्या एकानं तोड सांगितली. वही माझ्या अक्षरात उतरवून काढायची आणि पाहणारा मीच होतो असं लिहायचं. कोण पाहायला येतं पिंपळबोडीला. बाई, मी उतरवायला बसलो आहे. चार पानं झाली. अंक तेच, तारखा त्याच, खोटं काही नाही, फक्त पाहणाऱ्याचं नाव बदलेल. तुझी मेहनत वाया जाऊ नये म्हणूनच हे. तू हो म्हणशील ना?

तुझा,
सोमाजी


पिंपळबोडी,
ता. १९ नोव्हेंबर १९५५

सोमाजीस,
आशीर्वाद.

मी नाई म्हणते.

मले नावाची हौस नाई. घरी माये नाव कोणी घेत नाई, सारे मुखरूची बायको म्हणतात, अन् त्यानं माये काई अडत नाई. पण तू त्या दिवसाईत तलावावर नव्हता. तूच मले लिहिलं का दिसलं तेच लिही. मी बाचं पाह्यलेलंही माया वहीत घेतलं नाई. अन् तू माये पाह्यलेलं आपलं म्हणून मांडशीन. मंग तापाच्या दोन दिवसाईचं काय करशीन? तुले ताप होता असं लिहिशीन?

बाले सांगितलं. तो म्हणे, पोराले म्हणाव दुसरा विषय घे, झुरळ घे, पण हे करू नको.

ते चार पानं फाडून टाक. अन् सराले माया नमस्कार सांगून म्हण का तुमचं खरं आहे, चौथीच्या बाईवर भरोसा ठेवू नका. पुढच्या साली पाणी भरलं का स्वतः या. मी पारीच्या एका टोकाले बसते, तुमी दुसऱ्या टोकाले बसा. तुमी तुमच्या वहीत लिहा, मी माया वहीत. मंग पाहू.

रागाच्या भरात लिहिलं. जेवत जा.

बाई


नागपूर,
ता. २९ जुलै १९५६

सौ. गिरजाबाई यांस,
य. ना. हरकरे यांचा सप्रेम नमस्कार वि. वि.

आपल्या गावाहून परत येऊन तीन दिवस झाले. शाळेच्या खोलीत माझी उत्तम सोय झाली. मी मासे खात नाही हे ऐकून आपल्या वडिलांना जे वाईट वाटले, ते मात्र माझ्याने पाहवेना.

आपण पाच दिवस पारीच्या दोन टोकांना बसून वेगवेगळ्या नोंदी केल्या आणि शेवटच्या सायंकाळी मुखरूंच्या देखत दोन्ही वह्या उघडल्या. चार दिवसांच्या नोंदी एक-दोन मिनिटांच्या फरकाने जुळल्या, हे आपल्याला ठाऊक आहे. तिसऱ्या सकाळी माझ्या वहीत “मासा नाही” असे होते आणि आपल्या वहीत मरळ दोनदा वर आल्याची वेळ होती. तिथे मी आपल्याला काही बोललो नाही, ते आता लिहितो. त्या अर्ध्या तासात पळसाच्या फांदीवर बसलेल्या खंड्याकडे माझे लक्ष लागले होते. मी पाण्याकडे पाहतच नव्हतो आणि तरी “नाही” असे लिहून मोकळा झालो. एकवीस वर्षे मी मुलांना नोंद कशी करावी हे शिकवीत आहे.

आपली नोंद चालणार नाही असे मी गेल्या वर्षी म्हटले होते. ते मी मागे घेतो. दोन्ही वर्षांची नोंद प्रबंधात आपल्या नावाने जाईल. परीक्षकांना काय सांगायचे ते मी पाहीन.

वडिलांना माझा नमस्कार सांगावा. त्यांना मी एक प्रश्न विचारला होता आणि त्यांनी मला दोन तास शिकवले.

आपला,
य. ना. हरकरे


नागपूर,
ता. १८ एप्रिल १९५७

ती. सौ. गिरजाबाईस,
सोमाजीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

परवा तोंडी परीक्षा झाली. परीक्षक कलकत्त्याचे, पांढऱ्या केसांचे, हळू बोलणारे. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की नागपुरात वर्ग करून हा विद्यार्थी रोज चार तास तलावावर कसा बसला. मी सांगितलं की मी बसलो नाही, माझी बहीण बसली. त्यांनी तिचं शिक्षण विचारलं. चौथी, असं मी म्हणालो आणि या वेळी अडखळलो नाही.

त्यांनी मूळ वही मागितली. मराठी त्यांना येत नाही, तर एकेका पानावर बोट ठेवून सरांकडून अर्थ समजून घेऊ लागले. तापाचं पान आलं. सरांनी अर्थ सांगितला. परीक्षक म्हणाले की असं पान त्यांना त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत कधी सापडलं नाही. त्यानंतर मला फारसं काही विचारलंच नाही.

बाई, पहिला वर्ग मिळाला. जुलैपासून मी इथेच कॉलेजात शिकवणार आहे. प्रबंधाची एक प्रत आणि तुझ्या दोन्ही वह्या रजिस्टरनं पाठवतो. तिसऱ्या पानावर तुझं नाव आहे, गुणवंतराव मास्तरांकडून वाचून घे.

ती चार पानं मी तेव्हाच फाडली होती. तुला कळवायची लाज वाटली, म्हणून आज कळवतो.

तुझा,
सोमाजी


पिंपळबोडी,
ता. ६ मे १९५७

चि. सोमाजीस,
बाईचे पुष्कळ आशीर्वाद.

पुस्तक आलं. बानं पहिले हात धुतले, मंग घेतलं. गुणवंतराव मास्तर घरी आले अन् तिसरं पान वाचलं. सौ. गिरजा मुखरू नान्हे, पिंपळबोडी, यांनी दोन पावसाळे निरीक्षण केलं, असं इंग्रजीत आहे म्हणे. सासूबाई चुलीजवळ होत्या. त्या तिथून म्हणाल्या का मास्तर, पुन्हा एकदा वाचा. मास्तरनं तीन वेळा वाचलं. बाले नाव कुठी आहे ते पाहाचं होतं. मी दाखवलं तर त्यानं त्यावर बोट ठेवलं अन् लवकर उचललं नाई. मुखरूचं नाव माया नावात आलं, तर त्याचंही समाधान झालं.

तू कॉलेजात शिकवशीन हे ऐकून बा काल तलावावर गेलाच नाई, दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगत होता. मले बी लय बरं वाटलं, सोमाजी. कसं लिहावं ते समजत नाई.

एक काम आहे. इंग्रजी मले येत नाई, पण आकडे तुया घड्याळानं शिकवले. तारखाईचे जे तक्ते आहेत ते मी माया वह्या काढून एकेक जुळवून पाह्यले, दोन दिवस लागले. सारं बरोबर आहे, एका ठिकाणी चूक आहे. एक्केचाळीस पानावर १९५५ साली मरळ शेवटची दिसली ते १२ ऑगस्ट लिहिलं आहे. माया वहीत १२ तारखेले “दिसली नाई” आहे. शेवटची दिसली ती ११ ले, सकाळी सात वाजून पाच मिनिटानं. कोणी उतरवताना खालची ओळ वर घेतली असन. खाली मास्तर म्हणे चौतीस दिवस राखण केली असं लिहिलं आहे. ९ जुलैच्या पुढचे ते तेहतीस होते.

बा म्हणे एका दिवसानं काय बिघडते, तेवढं जास्तच दिसते, राहू दे. मी म्हणली का नाई राहू देत, वर माये नाव आहे.

सराले पान दाखव अन् जेवढ्या प्रती आहेत तेवढ्याईत दुरुस्त करून घे. झालं का मले कळव.

सुखात राहा, अन् आमची आठवण येत असन तशी येऊ दे.

तुयी बाई,
गिरजा