हिरवं पाणी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय पिऊ,

तुम्हा दोघांना आशीर्वाद. सातवा महिना लागलाय, जिने फार चढू नकोस. सम्राट गाडीवरून पडला आणि मी न्हाणीघरात घसरले, असं मी तुला फोनवर सांगितलं. दोन्ही खोटं. तुझा आवाज ऐकला की खोटंच तोंडात येतं, म्हणून लिहितेय.

कागलजवळच्या आपल्या शेतात सम्राटनं घरं बांधली ना, तिथल्या चिमणाबाईंची नात जानेवारीत जुलाबानं गेली. सात महिन्यांची होती. पाणी तपासणं ही तर माझी नोकरीच. त्यांच्या बोअरच्या पाण्यात मैल्याचे जंतू निघाले. खात्रीसाठी मी संडासाच्या टाकीत हिरवा रंग सोडला. तिसऱ्या दिवशी चिमणाबाईंच्या नळाला हिरवं पाणी आलं.

ते बाटलीत भरून मी आधी सम्राटकडेच गेले. तो बांधकामावर होता, आईही तिथंच होती.

"बोअर आजच बंद कर. टँकर लाव."

"आक्का, वत ती बाटली तिकडं. अजून नऊ घरं इकायची हाईत."

"पोर मेलंय, सम्राट."

त्यानं फावडं उचललं. दांडा माझ्या डाव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. खाली बसले, तर पाठीत दुसरा. आपला सम्राट, पिऊ.

माझ्या किंकाळीनं लोक धावले. पुढं आकाराम, चिमणाबाईंचा मुलगा, त्या बाळाचा बाप. त्यानं बाटली उचलली.

"ताई, हे आमच्या बोअरचं?"

"व्हय. टाकीला तळच न्हाय. ह्यानं घातलाच न्हाय."

आकारामनं तेच फावडं हिसकावलं. सम्राट पडला तरी लाथा थांबल्या नाहीत. दोघांनी पाय धरून त्याला टाकीपर्यंत फरफटत नेलं, झाकण सरकवलं आणि त्याचं तोंड आत दाबलं. "पाज त्याला, पाज!" कुणीतरी ओरडत होतं. डोकं वर काढलं, तेव्हा एका डोळ्याच्या जागी नुसतं रक्त होतं.

आई माझा पदर ओढत होती. "तेजू, सांग की गं त्यास्नी! तुझं ऐकतील!"

ऐकलं असतं. मी तोंड उघडलं नाही.

शेवटी चिमणाबाईंनीच लेकाला मागं ओढलं. मग माझ्याकडं वळल्या. "तळ न्हाय, हे तुला कवा कळलं गं बाई?"

"काल," मी म्हणाले.

पिऊ, दोन वर्षांपूर्वी ती टाकी बांधताना मी तिथं उभी होते. खाली काँक्रीट नव्हतं, नुसता मुरूम. "समदं खालीच मुरतंय, उपसायचा तरास न्हाय," तो हसत म्हणाला. आणि मी, पाणी तपासणारी, भावाला वाईट वाटेल म्हणून हसले. परवा ते त्याला मारत होते तोवर मला कुणी काही विचारणार नव्हतं. म्हणून मी गप्प होते.

सम्राट वाचला, एक डोळा गेला. आकाराम कोठडीत आहे. बोअर बंद झालं. उद्या माझा जबाब आहे. आई म्हणते, टाकीचं ठाऊक नव्हतं असंच सांग, माझं एक तरी लेकरू धड राहू दे. मी खरं सांगणार आहे. पण पोलिसांच्या आधी चिमणाबाईंना. त्यांनी दार लावून घेतलं, तर बाहेरून सांगेन.

मला उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल. सम्राटला मात्र फोन कर.

त्याची आणि तुझी बहीण,
तेजस्वी