ताईची पट्टी

ताई,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते.

तू दौरा अर्धवट सोडून मायदेशी परतलीस, त्याला सात आठवडे झाले. तुझ्या जागी मी गाते, तेही तुझ्याच पट्टीत. ती मला फार उंच पडते. पण ती उतरवली तर तू येणार नाहीस हे मान्य केल्यासारखं होईल, म्हणून हट्टाने रेटत होते. ढोलकीवाला म्हणतो, "बाई, वर चढता तुम्ही आणि धाप लागते आम्हाला."

काल एका शाळेच्या सभागृहात अंतऱ्यालाच माझा आवाज फाटला. इथल्या लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. आज तालमीला पेटीवाले काका म्हणाले, "पोरी, पट्टी उतरव."

"आणि ताई परत आली तर?"

"तिची पट्टी माझी बोटं विसरायची नाहीत. तू आधी घसा सांभाळ."

तुझा घसा गेला तेव्हा तूही वहीत हेच लिहून दाखवलं होतंस, की आधी घसा सांभाळायला हवा, मी घरी जाते. मी मात्र भर व्हॅनमध्ये भाषण ठोकलं, की कलावंताने मंचावर मोडून पडावं, पण माघार घेऊ नये. सगळ्यांदेखत तुला पळपुटी म्हटलं. उत्तर द्यायला तुझ्याकडे आवाज नाही, हे ठाऊक असूनही तासभर बोलत राहिले. तू मफलर गुंडाळून खिडकीबाहेर बघत होतीस.

आज मी दोन सूर खाली गायले. गाणं सहज झालं. काकांनी मला गरम पाणी आणून दिलं.

मला कोणी पळपुटी म्हटलं नाही.

तुझी,
धाकटी