मामांचं नाक

३ डिसेंबर
वरच्या खोलीत नवा भाडेकरू. दिग्विजय, चित्रकार. अमेरिकेत तळ्यांकाठच्या ओजिब्वा लोकांत राहून, त्यांची चित्रं काढून आलाय. आता चाकणची म्हातारी माणसं काढणार म्हणे. आमच्या सासूबाई, गोजाआत्या, ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या नंबरला!

५ डिसेंबर
आत्या सकाळभर हलल्या नाहीत. एरवी हा संयम कुठे असतो?

६ डिसेंबर
आत्यांचं चित्र झालं. 'लई म्हातारी काढलीस,' म्हणाल्या, पण खूश. लगेच पेटीत ठेवलं — 'जित्या माणसाला भिंतीवर टांगत न्हाईत.'
मग ओजिब्वांची चित्रं पाहिली. आत्यांनी एकेकाचं नाव विचारलं. एका आजोबांपाशी थांबल्या. 'आमच्या ह्यांचं नाक असंच व्हतं.'
मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, एकही फोटो नाही. आमचे घरधनी, रोहिदास, रांगत होते तेव्हाच मामा गेले, ऐन पंचविशीत. आता आत्यांना त्यांचं चित्र हवंय. त्या सांगणार, याने काढायचं.
दिग्विजय गडबडला. 'आजी, ह्यांचं नाक त्यांना कसं देऊ?'
'देऊ नगंस. निस्तं बघून घे.'

८ डिसेंबर
आत्यांचे हुकूम चालूच. कपाळ रुंद. भुवया दाट. मिशी पांढरी. गाल बसलेले. दिग्विजय बिचारा पुसतोय, पुन्हा काढतोय. पंचविशीत पांढरी मिशी? मी पदराआड हसले. घरधनी बघतील तेव्हा गंमत आहे.

९ डिसेंबर
गंमत झाली नाही. रोहिदास पहिली शिफ्ट करून आले, बूट न काढताच चित्रापुढे उभे. 'हा कोण म्हातारा? आये, आबा माझ्या निम्म्या वयाचं असतील गं!' बापाचा चेहरा आज पहिल्यांदा दिसणार म्हणून कंपनीत सगळ्यांना सांगून आले होते. जेवले नाहीत. आत्या मामांचा चेहराच विसरल्या असतील बिचाऱ्या. काल हसले, त्याची आज लाज वाटतेय.

१० डिसेंबर
मामांसाठी खिळा ठोकला. आत्या म्हणाल्या, 'माझ्यासाठीबी एक ठोकून ठेव.' तो ठोकता ठोकता विचारलंच — मामा खरंच कसे दिसायचे?
'रोहिदास लग्नात दिसत व्हता, तसंच. समदं ध्यानात हाय माझ्या. पर उद्या माझा फोटू शेजारी लागंल. म्हातारीजवळ त्यो पोरगा टांगला, तर लोक मायलेकरं म्हनतील.'
दुसरा खिळा काढून जरा जवळ ठोकला.