सेनापतींचा दुसरा दात घ्यायचा नाही

मी, सेमेसा वाकारुआ, वय एकोणऐंशी, लिहून ठेवतो की मला धाप लागत असली तरी डोकं शाबूत आहे आणि हे लिहिताना माझा हात कोणी धरलेला नाही. गावप्रमुखांच्या वतीने बोलण्याचा व नजराणे स्वीकारण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराण्याकडे आहे.

१. घर आणि अळकुड्यांचं शेत मुलगी अलिती हिला. होडी व जाळी मुलगा कितिओने याला. तो राष्ट्राध्यक्षांच्या पहाऱ्यावर कॅप्टन आहे, मासे धरायला त्याला सवड नाही; तरी होडी त्याचीच. भाऊ वातिमी याला काही नाही. माझ्या दुखण्याची खबर तो रोज जिल्हा कचेरीत पोचवतो, असा मला दाट संशय आहे.

२. अकरा वर्षांपूर्वी सेनापतींनी सरकार उलथवलं आणि देवमाशाचा दात घेऊन ते आमच्याकडे आले. चटईवर मांडी घालून म्हणाले, "काका, फक्त एक वर्ष. घडी बसली की मी बराकीत परत." गावाच्या वतीने मी दात हातात घेतला. हातात घेतला की मागणी मान्य. मग मागे फिरता येत नाही. चूक माझी.

न्यायाने बोलायचं तर पूल त्यांनी बांधला, दवाखान्यात औषधं आली. पण राष्ट्राध्यक्ष झाले, वर्दी उतरवली, तरी हुकूम सोडायची खोड गेली नाही. "निवडणूक कधी?" एवढंच विचारणाऱ्या मास्तरांना उचलून नेलं, ते अजून परतले नाहीत. गोड बोलण्याला भुलून मी गाव देऊन बसलो, याची मला लाज वाटते.

३. माझ्या मयतीला सेनापती येतील. रडतीलही. रीतीप्रमाणे दात पुढे करतील आणि दुखवट्याच्या शब्दांत गुंडाळून तहहयात राष्ट्राध्यक्षपदाला गावाचा होकार मागतील. मी त्यांना पुरता ओळखून आहे. म्हणून गावप्रमुखांच्या संमतीने नजराणे स्वीकारण्याचा मान अलितीला देत आहे. कितिओने, रागावू नकोस बाळा. तू त्यांचं मीठ खातोस.

"बाबा, मला भीती वाटते," हे सांगितल्यावर अलिती म्हणाली.

"मलाही वाटते. हात मांडीवर ठेव आणि उचलू नकोस."

सेनापती दात परत घेऊन उठून जाईपर्यंत मला पुरू नये.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवून सही करीत आहे.

सेमेसा वाकारुआ
मु. नाइवोसा, मंगळवार, ता. ७ ऑगस्ट

साक्षीदार:
१. मेरेवाई तुइलोमा, परिचारिका. सही.
२. पाद्री एपेली सोकोना. सही केली आहे. मजकूर ऐकलेला नाही.