लाल स्टिकर आणि माझी स्मरणशक्ती

२ जानेवारी, सकाळी
आजपासून रोज डायरी. रोज म्हणजे रोज. प्रयोगशाळेच्या वहीत निकाल लिहायचे, इथे मनातलं.

आधी कामाचं. पेशीला एखादं प्रोटीन नकोसं झालं की ती त्यावर एक बारीक टॅग चिकटवते. त्याला युबिक्विटिन म्हणतात. टॅग लागला की प्रोटीन भंगारात. पेशीतलं एक यंत्र त्याचा चुरा करतं. पण आमचा व्हायरस महाबिलंदर. स्वतःच्या प्रोटीनवरचे टॅग सोलून काढतो आणि वर पेशीकडून तिच्याच पहारेकऱ्यांवर टॅग लावून घेतो. पेशी बिचारी आपल्याच हाताने आपले पहारेकरी भंगारात काढते. हे मला माझ्या सॅम्पलमध्ये दिसलं. एकदाच दिसलं, पण दिसलं.

२ जानेवारी, दुपारी
सॅम्पल पाच डब्यांत आहेत. फ्रीझरच्या माझ्या कप्प्यावर सगळ्यांचा डोळा. म्हणून डबे खालच्या कप्प्यात पार मागे सरकवले. त्यांच्या जागी, दिशाभूल म्हणून, नोकरी सोडून गेलेल्या दाढीवाल्याचे पाच जुने डबे लावले. नाव कशावरच घातलं नाही. नाव घालणं म्हणजे चोराला पत्ता देणं. माझी मेमरी समर्थ आहे.

८ एप्रिल
मध्ये जरा खंड पडला. कामाचा व्याप. उद्यापासून रोज.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. प्रयोगशाळा त्यांची, त्यामुळे शब्दही शेवटचा त्यांचाच. माझं कॉन्ट्रॅक्ट तीस तारखेला संपतंय. व्हायरसचा तो एकदाच दिसलेला निकाल बावीस तारखेला त्यांच्या डोळ्यांसमोर पुन्हा काढून दाखवला तर दोन वर्षं मुदतवाढ, नाही तर रामराम. मी म्हणालो, त्यात काय एवढं.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, नाही जमलं तर बाबा नटबोल्टच्या दुकानात माणूस शोधताहेतच. सासरेबुवा तीन वर्षं माझ्याकडे त्याच नजरेने बघताहेत. खरं सांगायचं तर भीती वाटली. इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही.

९ एप्रिल
चहा खारट. बायकोने स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी डकवली होती. घराचं औषधाचं दुकान झालं होतं, म्हणून परवा मी सगळ्या काढल्या. आता मीठ आणि साखर दिसायला सारखीच, यात माझा काय दोष? बायकोचं म्हणणं, आता चिठ्ठ्या तुम्हीच लावा. लावणार. रविवारी.

१५ एप्रिल, सकाळी ११
फ्रीझरची सफाई. टेक्निशियन काका इथे तीस वर्षं आहेत, फ्रीझर त्यांना तोंडपाठ. टाकायच्या डब्यांवर ते लाल स्टिकर लावत सुटलेत. शुक्रवारी अकरा वाजता लाल स्टिकरवालं सगळं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये. मग कचऱ्यात.

शेजारच्या टेबलावरच्या टापटीपबाईंच्या डब्यांवर चार रंगांत नावं. त्यांना एकही स्टिकर नाही. माझ्या कप्प्यातल्या पाचही डब्यांना लाल स्टिकर! काकांचं वय झालं.

१५ एप्रिल, दुपारी दीड
काका जेवायला गेले. पाचही स्टिकर अलगद सोलले. नखाचं काम, पण हात साफ आहे. मग लक्षात आलं, काकांनी रजिस्टरमध्ये एकूण आकडा लिहिलाय. एकशे बारा. पाच कमी भरले तर बोंबाबोंब.

अशा वेळी व्हायरस काय करतो? टॅग दुसऱ्याला लावतो!

खालच्या कप्प्यात पार मागे जांभळ्या टेपचे पाच बेवारस डबे सापडले. दाढीवाल्याचेच. त्याला जांभळा रंग आवडायचा, नक्की आठवतंय. चिकटवले. एकशे बारा कायम. इतकी वर्षं व्हायरसच्या संगतीत काढली, ती कारणी लागली.

१७ एप्रिल, ११.२०
ट्रॉली ढकलायला मी स्वतः मदत केली. काका उगाच घुटमळत होते. जांभळ्या टेपचे डबे हातात धरून मला विचारलं, हे नक्की टाकायचे ना? मी म्हटलं, बेधडक टाका. पुन्हा विचारलं. झाकण मीच लावलं.

२२ एप्रिल, सकाळी १०
मॅडमसमोर पहिला डबा उघडला. रिकाम्या ट्यूब. दुसरा, रिकाम्या. तिसरा, चौथा, तेच. पाचव्यात दाढीवाल्याचं वाळलेलं पेन.

मॅडमना म्हणालो, एक मिनिट.

२२ एप्रिल, दुपारी
या डायरीचं पहिलं पान वाचलं. पुन्हा वाचलं.

काकांना गाठलं. ते म्हणाले, जांभळी टेप इथे तुमच्याशिवाय कोण वापरतं? नाव नव्हतं तरी तुमचे म्हणून मी ते डबे सोडले होते. वरचे पाच भंगार, त्यांनाच स्टिकर लावले होते. आणि मी स्टिकर कोपऱ्यात लावतो, त्या डब्यांवर मधोमध होते. मला वाटलं तुम्हीच लावलेत. म्हणून तर दोनदा विचारलं.

मॅडमना सगळं सांगावं लागलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, व्हायरसला निदान स्वतःचं काय ते ओळखता येतं. टापटीपबाईंनी रुमाल पुढे केला. त्यावरही त्यांचं नाव होतं. मी रडलो. फार नाही.

३० एप्रिल
टेबल आवरलं. काकांनी जांभळ्या टेपचा उरलेला रोल आठवण म्हणून दिला. मेमरीसाठी बदाम खायला सुरुवात करणार.

४ मे
सासरेबुवांच्या दुकानातला पहिला दिवस. नटबोल्टचे चारशे खण. माझं काम, प्रत्येक खणावर लेबल चिकटवणे. मी म्हणालो, गरज काय, मी लक्षात ठेवीन. सासरेबुवांनी लेबलांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला.

संध्याकाळपर्यंत अडतीस झाली. बारा चुकीच्या खणांवर आहेत असं त्यांचं म्हणणं. उद्यापासून वेग वाढवणार.

बायकोने माझ्या जेवणाच्या डब्यावर ठळक अक्षरांत नाव घालून दिलं होतं. छान जेवलो. मग सासरेबुवा माझं नाव घातलेला डबा हातात घेऊन विचारायला आले, त्यांचा कुठे आहे.