गुलाब, तो दगड तुझाच

गुलाब,

फोन उचलायले तुझे हात झडले काय? मोठी बहीण मरो की जगो, हवालदारसाहेब रिटायर होऊन बोरगावच्या कारखान्याच्या गेटावर खुर्ची टाकून बसले. म्हणून हे पत्र बसवाल्या शालिकरामच्या हाती देऊन राहिली आहे (त्याले चहा पाज, फुकट आणते बिचारा). बाकी तुले अन् सरलाले आशीर्वाद. तुझी शुगर कशी आहे ते कळव. इकडं कोणी बरं नाही.

माझा अंकुर तुझ्याच पायी फौजेत गेला. आमच्या ओसरीवर पुरणपोळ्या हाणत तूच सांगे, रेल्वेत फौजीले लोक उठून जागा देतात. पोट्टा पांढुर्ण्याहून संडासाच्या दारापाशी लोखंडी पेटीवर बसून गेला. जो आत जाये तो त्याचा पाय तुडवून जाये. कवायत शिकवणाऱ्या उस्तादले संत्री ने, खूश होईल, हेही तुझंच डोकं (मी बगीच्यातली निवडून थैलीभर दिली). उस्ताद म्हणे, बाहेरचं खाणं आत चालत नाही, इथंच संपव. पोट्ट्यानं तिथल्या गेटावर उभ्यानं अर्धी थैली खाल्ली, अन् मग त्याले मैदानाच्या चकरा मारायले लावल्या. आता संत्र्याचं नाव काढलं की त्याले उमळून येते. खाटेवरची चादर सकाळी इस्तरी केल्यासारखी दिसली पाहिजे, म्हणून तो खाली फरशीवर झोपते. थंडीचे दिवस आहेत, गुलाब.

एवढंही चाललं असतं. पण न्हाव्यानं डोकं भादरलं अन् ती खूण उघडी पडली. उस्तादनं विचारलं, हे कायचं? हा सरळ बोलला, गोटमारीत दगड लागला. कोणी मारला? मामानं. भांडण होतं काय? नाही, जत्रा होती. उस्तादले वाटलं थट्टा करते, अन् त्यानं याले बेडकासारखं उड्या मारत मैदान पार करायले लावलं. दूरदेशच्या माणसाले कसं समजवायचं, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, दोन्हीकडून दगड चालतात, अन् जावई-भाचे कोणी पाहत नाही? तू आपल्या माहेरच्या, सावरगावच्या काठावर होता, अंकुर आमच्या पांढुर्ण्याच्या. तुझी फौजी टोपी त्यानं पाहिली. दगड कोणाचा हे आपल्यात विचारत नाहीत, मीही विचारलं नव्हतं. सरलानं त्याच्या डोक्यात हळद दाबली, मी तुले जेवू घातलं.

आता तिथले डॉक्टर म्हणतात, असं डोकं फुटलेल्याले झटके येऊ शकतात. त्या दिवशी पाहणारा कोणी भरवशाचा माणूस, पोट्टा बेशुद्ध पडला नव्हता असं बोलला तर ठीक, नाहीतर घरी पाठवू. हवालदाराचं ते ऐकतील. सोमवारी तुले फोन करतील (तो तरी उचल). सांग, दगड माझाच होता, पोट्टा आपल्या पायानं घरी आला, चक्कर नाही, उलटी नाही.

तुझी मोठी बहीण,
देवका

ता.क. वरचं सगळं अंकुरनं फोनवर सांगितलं तसं लिहिलं. त्याले तिथंच राहायचं आहे. म्हणते, वापस आलो तर गावात तोंड कसं दाखवू.

आणखी ता.क. आता माझं ऐक. सकाळी धावताना त्याच्या डोळ्यापुढं अंधार येते, खाली बसते, अन् बुटाची लेस बांधून राहिलो असं दाखवते. मामाले सांगू नको म्हणून त्यानं मले शपथ घातली, म्हणून सांगून राहिली आहे. तो त्या दिवशी नदीतच बेशुद्ध पडला होता अन् तूच त्याले खांद्यावर घालून आणलं, हे खरं ते डॉक्टरले सांग. बंदूक हातात असताना पडला तर? घरी आल्यावर पोट्टा जन्मभर राग धरील. माझ्यावर नको, तुझ्यावर धरू दे. एवढं देणं तुझ्याकडं लागते. शनिवारच्या गाडीनं शालिकरामजवळ हो की नाही लिहून दे, नाहीतर रविवारी तुझ्या गेटावर येऊन त्या खुर्चीवरून तुले उठवते.